नाव खोडायचे राहिले

शेजारच्या खोलीत आई आहे हे विसरून फोनवर धंद्याच्या गोष्टी बोलू नयेत, हे मला २०१३ सालच्या दिवाळीत समजले. वसुबारसेचा दिवस होता. मी पुण्याहून वाईला, मधल्या आळीतल्या आमच्या जुन्या घरी आले होते. आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती, आणि मी माजघरात येरझारा घालीत माझ्या सहकाऱ्याशी तावातावाने बोलत होते. माझ्या बाजूचे बोलणे साधारण असे होते :

"अरे, पेरेंट मेला असं तुला वाटतंय. तो मेलेलाच नाही! चाइल्डनं त्याला घट्ट धरून ठेवलंय. तो मरेपर्यंत त्याची प्रॉपर्टी मोकळी व्हायची नाही... हो, पंचवीसच्या पंचवीस जिवंत आहेत, मी मोजले... छे, नुसतं चाइल्डला मारून भागायचं नाही. आधी त्याचा धागा कमकुवत कर."

फोन ठेवून वळले, तो दारात आई. हातात तेल गळणारा झारा आणि चेहरा असा की, घरात पोलीस आले आहेत.

"कुणाची गं प्रॉपर्टी?" तिने विचारले. "आणि मारायचं कुणाला म्हणालात?"

आमच्या धंद्याची भाषाच तशी आहे. तिच्यात आईबाप असतात, मुले असतात, अनाथ असतात, मारणे असते. बाहेरच्या माणसाने ऐकले तर त्याला हा सेशन कोर्टातला मामला वाटावा. मी हसत सुटले. आई मात्र हसली नाही. कारण 'प्रॉपर्टी' हा आमच्या घरात तेव्हा नुसता शब्द नव्हता. बाबांना जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि या घराचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आम्ही दोघी दर दिवाळीला फराळाच्या डब्यांआड सरकवून ठेवीत होतो.

"बैस, सांगते," मी म्हटले.

"चकल्या जळतील."

"मग तिकडे येऊन सांगते."

आणि मी पाट घेऊन गॅसपाशी जाऊन बसले.

आधी मला माझी चूकच कबूल करावी लागली. आमच्या छोट्या कंपनीने एकांच्या फिरत्या विक्रेत्यांसाठी आयफोनवर चालणारा एक प्रोग्रॅम करून दिला होता. विक्रेत्याने दुकानदारापुढे फोन धरायचा, आणि मालाची चित्रे एकामागून एक दाखवायची. काम सोपे. मी स्वतः लिहिले, स्वतः तपासले, पाच-सहा चित्रे उघडून पाहिली आणि खूश झाले. पण दुकानदार काही पाच-सहा चित्रांवर थांबत नाही. दिवाळीच्या ऐन खरेदीत तो वीस पाहतो, पंचवीस पाहतो, आणि 'ते मघाचं पुन्हा दाखवा' म्हणतो. अन् नेमका तेवढ्यात प्रोग्रॅम नाहीसा होई. अगदी दिवा विझावा तसा. विक्रेता फोनकडे पाही, दुकानदार विक्रेत्याकडे पाही, आणि मग विक्रेता मला फोन करी. त्या आठवड्यात असे कितीतरी फोन आले. एक बिचारा म्हणाला, "मॅडम, मोठी ऑर्डर लिहून घेत होतो हो." त्या वाक्यावर मला दोन रात्री झोप आली नव्हती.

कारण समजायला हवे असेल तर कपाटातली पैठणी डोळ्यांपुढे आणा. घडी करून ठेवली की ती वीतभर जागेत मावते. कोणाला दाखवायची तर खोलीभर उलगडावी लागते. फोटोचेही तसेच असते. साठवताना तो दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. पडद्यावर दाखवायचा तर मेमरीत पुरता उलगडावा लागतो. तीस लाख ठिपक्यांचा फोटो घेतला, आणि दर ठिपक्याला चार बाइट धरले, तर एक कोटी वीस लाख बाइट झाले. म्हणजे सुमारे १२ एमबी. त्या विक्रेत्यांपैकी बहुतेकांकडे आयफोन ४ होता, आणि त्याची सगळी मेमरी मिळून ५१२ एमबी. तीतलीही बरीचशी फोन स्वतःच्या संसाराला वापरणार. पंचवीस पैठण्या उलगडून एकीचीही घडी घातली नाही, तर खोलीत पाय ठेवायला जागा उरेल का? जागा संपली की फोन कोणाला विचारीत नाही. प्रोग्रॅमच बंद करून टाकतो.

वास्तविक असे व्हायला नको होते. एक चित्र पाहून माणूस मागे फिरला की ते चित्र दाखवणारा पडदा मेमरीतून जावा, त्याच्याबरोबर त्याचा फोटो जावा आणि जागा मोकळी व्हावी. हे सारे आपोआप होते, हाच तर आमचा अभिमान!

"आपोआप होतं म्हणतेस," चकलीचा वेढा तेलात सोडीत आई म्हणाली, "मग झालं का नाही?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी मला बाबांच्या दिवाळी अंकांचा आधार घ्यावा लागला.

आमचे बाबा दर वर्षी पाच-सहा दिवाळी अंक विकत घेत. पण ते आमच्या एकट्यांचे नसत. अर्ध्या आळीचे असत. अंक आला की बाबा मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नावे लिहीत. समोरच्या काकू, कोपऱ्यावरचे मास्तर, वरच्या वहिनी, आणि शेवटी आम्ही. ज्याचे वाचून होईल त्याने आपले नाव खोडायचे आणि अंक पुढे द्यायचा. सगळी नावे खोडली गेली की त्याच दिवशी अंक रद्दीत. त्या बाबतीत बाबा कमालीचे कोरडे होते. अंक कितीही सुंदर असो, त्यावर एकही नाव उरले नाही ना? मग जागा कशाला अडवायची? उलट, अंक कितीही रद्दड असो, एक जरी नाव शिल्लक असले तरी त्याला कोणी हात लावायचा नाही.

मी म्हटले, "फोनच्या मेमरीत हेच चालतं, आई. फक्त नावं लिहीत नाहीत, आकडा ठेवतात."

मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे आमच्या भाषेत ऑब्जेक्टला, असा एक आकडा चिकटवलेला असतो : मला किती जणांनी धरले आहे? कोणी नव्याने धरले की आकडा एकाने वाढतो, सोडले की एकाने उतरतो. शून्य झाला की वस्तू त्या क्षणी जाते. आता ही धरणारी मंडळी कोण? तर दुसरे ऑब्जेक्टच. प्रत्येक ऑब्जेक्टला नावाचे कप्पे असतात. त्यांना प्रॉपर्टी म्हणायचे. कप्प्यात प्रत्यक्ष वस्तू नसते. वस्तूला बांधलेल्या धाग्याचे टोक असते. माझ्या त्या पडद्याच्या एका कप्प्यात फोटोचे टोक होते, दुसऱ्यात किमतीचे, तिसऱ्यात चौकटीचे.

आणि यातली खरी गंमत मरणाच्या वेळी आहे. ऑब्जेक्टचा आकडा शून्यावर आला की जाण्यापूर्वी तो एकच काम करतो. आपल्या सगळ्या कप्प्यांतली टोके सोडून देतो. त्यामुळे पलीकडच्या वस्तूंचे आकडे एकेकाने उतरतात. त्यांतला कोणी शून्यावर आला तर तोही आपले धागे सोडून जातो. असे एका जाण्याने दूरदूरच्या गाठी सुटत जातात. पण ज्या वस्तूला आणखी कोणी धरलेले असते, ती मात्र राहते.

"म्हणजे हे गेले," आई म्हणाली, "पण त्यांचा रेडिओ गेला नाही. मी ऐकत होते म्हणून."

मला इतके चांगले उदाहरण सुचले नसते.

मी आयफोनचे काम शिकले ते २००९ साली. तेव्हा ही नावे लिहिण्या-खोडण्याची सगळी कामे आम्हालाच हाताने करावी लागत. प्रत्येक ऑब्जेक्टच्या शेवटी 'डिअ‍ॅलॉक' नावाचे एक प्रकरण असे. त्याला मी मनातल्या मनात मृत्युपत्र म्हणे. त्यात प्रत्येक प्रॉपर्टीसाठी एक ओळ लिहायची : हिला सोडले, हिला सोडले, हिलाही सोडले. एखादी ओळ विसरली की ती वस्तू प्रोग्रॅम चालू असेतो तशीच पडून राही. आणि एकच नाव चुकून दोनदा खोडले तर त्याहून अनर्थ. कोणीतरी अंक वाचतो आहे आणि त्याच्या हातातला अंकच रद्दीवाल्याने नेलेला! मग २०११ साली अ‍ॅपलने 'ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग' आणले. आम्ही लाडाने त्याला 'आर्क' म्हणतो. हा काही मेमरीत फिरणारा झाडूवाला नव्हे. आमचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तोच जागोजाग 'धरले', 'सोडले' अशा ओळी आपल्या हाताने घालतो. घरात एक चोख कारकून ठेवावा तसे. त्या वर्षी मी जुन्या प्रोग्रॅममधली मृत्युपत्रे पुसून टाकली. शेकड्यांनी ओळी गेल्या. नव्या मुलांना ती कटकट आता ठाऊकही नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

बाबांची पद्धत ही अशी मोजणीची. आईची पद्धत अगदी निराळी. तिच्यामागे वंशपरंपरा आहे, तशी यंत्राच्या जगातही आहे. तेव्हा वाचकांनी चकल्यांचा घाणा होईस्तोवर थोडे थांबावे.

आई वर्षभर कशालाच हात लावीत नाही. वस्तू साचत राहतात. मग नवरात्र संपले आणि घरात ठेवायला जागा उरली नाही की एके दिवशी ती पदर खोचते. सुरुवात नेहमी दोनच ठिकाणांहून, देवघर आणि चूल. देवघरातून समई, समईवरून वातींचा डबा, वातींवरून कापूस, असे करीत चालत्या संसारापासून जिथवर हात पोचतो तिथवरच्या प्रत्येक वस्तूला ती एकदा स्पर्श करून 'ही हवी' म्हणते. स्पर्श झाला नाही ते सारे भंगार. त्या दिवशी घरात दुसरे काही चालत नाही. चहा मागितला तर केरसुणी दाखवली जाते. त्याच केरसुणीला मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हळदकुंकू मिळते, हा भाग वेगळा.

ही पद्धत यंत्रात प्रथम आणली ती अमेरिकेतल्या जॉन मॅकार्थी यांनी. १९५८ साली एमआयटीमध्ये त्यांनी लिस्प नावाची भाषा रचायला घेतली, ती आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्रावर. त्या भाषेत याद्यांतून याद्या जन्मतात, आणि कोणती यादी कधी निकामी होईल याचा हिशेब माणसाला ठेवता येणे कठीण. मॅकार्थींनी आईचा मार्ग धरला : जागा संपेपर्यंत काहीच करू नका, संपली की सगळे काम थांबवा, हाताशी असलेल्या टोकांपासून निघून जे जे सापडेल त्यावर खूण करा, खूण नसलेले झाडून काढा. याला तेव्हा काही सेकंद लागत, आणि तेवढा वेळ यंत्राला दुसरे काही सुचत नसे. १९६०च्या एप्रिलमध्ये त्यांचा निबंध छापून आला. आपसात ही मंडळी या प्रकाराला 'गार्बेज कलेक्शन', म्हणजे चक्क कचरा गोळा करणे, म्हणत. पण निबंधात तो शब्द नाही. पुढे स्वतः मॅकार्थींनीच गमतीने लिहून ठेवले आहे की, एक तर आपला धीर झाला नसावा, नाही तर प्रयोगशाळेत व्याकरण तपासणाऱ्या बायकांनी तो शब्द जाऊ दिला नसावा.

त्यांनी सांगितलेली दुसरी एक हकीकत मला फार आवडते. लिस्पचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक होते. पाहुणे एका दालनात, यंत्र दुसरीकडे, मध्ये टेलिव्हिजनची सोय. टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे या गतीने उत्तर छापणार. सारे सुरळीत चालले असताना टंकयंत्राने मध्येच टाइप करायला घेतले की, कचरा गोळा करणाऱ्यास पाचारण केले आहे, काही मनोरंजक आकडे पुढीलप्रमाणे... आणि ते आकडे संपेचनात! ही झाडलोट नवी असल्यामुळे या लोकांना तिचे इतके कौतुक की, ती झाली की पानभर अहवाल छापायचा, असे त्यांनीच ठरवून ठेवलेले. रंगीत तालमीच्या वेळी जागा पुरली होती. पण तालमीचा पसारा आवरायचा राहिला, आणि ऐन प्रयोगात जागा संपली. पाहुण्यांना कचऱ्याविषयी कोणी काही सांगितले नव्हते. वेळ तिथेच संपला, आणि वक्ता व श्रोते दोघेही हसून बेजार झाले. पाहुणे दिवाणखान्यात आणि आतून आई केरसुणी घेऊन बाहेर, असा प्रसंग आमच्याही घरी एकदा घडला आहे. फक्त तेव्हा बाबा हसले नव्हते.

मोजणीची पद्धतही त्याच सालची. १९६०च्या डिसेंबरात जॉर्ज कॉलिन्स यांनी ती मांडली. हिच्यात काम थांबवावे लागत नाही. जो तो जाता जाता आपले नाव खोडतो. पण तीन वर्षे होतात न होतात तोच, १९६३ साली, हॅरॉल्ड मॅकबेथ नावाच्या गृहस्थांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून तिच्यातली एक खोच दाखवून दिली. ती खोच अशी, की पन्नास वर्षांनी वाईच्या घरात मला तिने फोनवर ओरडायला लावले.

समजा, दोनच वस्तू आहेत. पहिलीने दुसरीला धरले आहे आणि दुसरीने पहिलीला. बाहेरचे सगळे धागे तुटले. आता कोणालाच त्या दोघींची गरज नाही, कोणी त्यांच्यापर्यंत पोचूही शकत नाही. आई झाडायला निघाली तर तिचा हात त्यांना लागणार नाही आणि दोघी एकदम भंगारात जातील. पण बाबांच्या वहीत पहिलीवर एक नाव शिल्लक, दुसरीवर एक नाव शिल्लक. शून्य कधी यायचेच नाही.

माझे नेमके हेच झाले होते. पडदा हा पेरेंट. त्याच्या कप्प्यात चित्राची चौकट, ती चाइल्ड. चौकटीवर बोट टेकले की तिने पडद्याला कळवायला हवे, म्हणून चौकटीच्याही एका प्रॉपर्टीत पडद्याचे टोक. ते टोक मी 'स्ट्राँग' असे लिहिले होते. स्ट्राँग म्हणजे धरले, आकडा वाढवला. लिहायला हवे होते 'वीक'. माणूस मागे फिरला, बाहेरचा धागा सुटला, पडद्याचा आकडा दोनावरून एकावर आला आणि तिथेच थांबला. पडदा मरेना, म्हणून तो आपले कप्पे सोडेना, म्हणून त्याचा फोटो जाईना. पुढचे चित्र उघडले की नवा पडदा, नवी चौकट, नवा फोटो, पुन्हा तीच मिठी. आपोआप होणारी साफसफाई कुठे बिघडली नव्हती. तिला सुरुवात करायला शून्य लागते, आणि ते शून्य मीच अडवून धरले होते.

"म्हणजे तुझ्या त्या यंत्राला," आई म्हणाली, "काय हवं, काय नको, ते कळतच नाही?"

"नाही कळत. कोणी धरलंय का, एवढंच कळतं."

"आणि वीक म्हणजे?"

"वीक म्हणजे ठावठिकाणा ठेवायचा, धरायचं नाही. तुझ्या फोनच्या डायरीत सगळ्यांचे नंबर आहेत. पण नंबर लिहून ठेवला म्हणून कोणी घर सोडायचं थांबतं का? बोलायचं झालं की फोन लावायचा. असतील तर बोलतील. नसतील तर नसतील."

आईने घाणा काढला. नवा घातला नाही. गॅस बारीक करून ती काही वेळ चकल्यांतले तेल निथळताना पाहत राहिली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आपल्या या घराला बाहेरून कुणी धरलंय गं?"

मी पाहतच राहिले.

"मी इथं राहते ती तुझ्यासाठी," ती म्हणाली. "मुलीला माहेर नको का? दिवाळीला कुठे जाईल ती? म्हणून. नाही तर चार महिने पावसात कौलं गळतात, रात्री एकटीला जिना चढवत नाही. तुला सांगितलं नाही कधी."

आणि मी? मी दर उन्हाळ्यात कौले शाकारायला पैसे पाठवीत होते, घरपट्टी भरीत होते, मागची भिंत ढासळली तेव्हा कर्ज काढले होते. बाबांच्या मागे आईला निदान घर तरी तिचे असू दे, तिला इथून उपटले तर ती सुकेल, म्हणून. मला त्या घरी रात्री झोप येत नाही, हे मीही तिला कधी सांगितले नव्हते. पाच वर्षे ती माझ्यासाठी धरून होती आणि मी तिच्यासाठी. बाबांनी तर आपला धागा २००८ सालीच सोडला होता.

आम्ही तेव्हा लगेच काही ठरवले नाही. लक्ष्मीपूजन व्हायचे होते. अशा दिवशी घर सोडायची भाषा आई करू देती ना. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्याचा फोन आला. तो एक शब्द बदलला होता. पंचवीसच काय, शंभर चित्रे उघडून मागे फिरले तरी मेमरीत एकच पडदा जिवंत सापडत होता. आईने पाठीमागून विचारले, "मेले का सगळे?" मी म्हटले, "मेले." ती "बरं झालं बाई!" म्हणाली आणि करंज्यांकडे वळली.

घर आम्ही २०१५च्या उन्हाळ्यात सोडले. गिऱ्हाईक चांगले मिळाले. त्यांची मुले घाटावर पोहायला जातील अशा वयाची आहेत. आवरायला अकरा दिवस लागले. या वेळी दोन्ही पद्धती चालल्या. मी एकेक वस्तू उचलायची आणि विचारायचे, "ही कोणाची?" आईने कोणाचे तरी नाव घेतले तर उजवीकडे, नाही तर डावीकडे. पाण्याचा तांब्याचा बंब मामेभावाकडे गेला. घंगाळ मी आणले, आता त्यात तुळस आहे. पाट, तसराळी, फिरकीचा तांब्या यांना कोणी ना कोणी धनी निघाला.

बाबांच्या चष्म्यापाशी माझा हात अडला. त्याचा आकडा शून्य होता, आणि तरी तो डावीकडे टाकवेना. यंत्रात असल्या गोष्टीची काही सोय नाही. मी चष्मा तसाच धरून उभी होते. आईने तो माझ्या हातातून घेतला, घर उघडले, चष्मा काढून डावीकडे ठेवला आणि घरात आपल्या सुया-दोरे भरले. "चांगलं घट्ट बसतं याचं झाकण," ती म्हणाली. मला तेव्हा तिचा रागच आला होता. अजूनही कधीकधी येतो.

माळ्यावरून सर्वांत शेवटी निघाला तो एक दिवाळी अंक, १९७४ सालचा. सुतळीने बांधलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. बाबा अंक ठेवीत नसत, मग हा कसा राहिला? आतले पान उघडले. चार नावे खोडलेली. समोरच्या काकूंचे तेवढे शिल्लक. काकू त्याच वर्षी बिऱ्हाड हलवून बडोद्याला गेल्या होत्या. जाताना अंक परत देऊन गेल्या, पण नाव खोडायचे राहिले. नाव आहे म्हणून बाबांनी अंक टाकला नाही. काकू येतील, वाचतील, खोडतील. एकेचाळीस वर्षे तो अंक माळ्यावर काकूंची वाट पाहत होता. आमच्या धंद्यात याला गळती म्हणतात, आणि असली गळती शोधून काढायला माझ्यासारखी माणसे पगार घेतात.

आईने डायरी काढली आणि काकूंचा नंबर लावला. पलीकडून एक तरुण मुलगा गुजरातीत बोलू लागला. आईने काकूंचे नाव सांगितले. तो नाही म्हणाला. आईने मराठीतून पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. त्याने बापड्याने फार सभ्यपणे, हिंदीतून, नंबर चुकल्याचे सांगितले. नंबर चुकला नव्हता. तो दुसऱ्याला गेला होता. पूर्वी आमच्या प्रोग्रॅममध्येही हेच होई. न धरता ठेवलेले टोक. वस्तू निघून गेलेली. त्या जागी भलतेच कोणी राहायला आलेले. आणि आपण आपले जुन्याच नावाने हाका मारतो आहोत. मग प्रोग्रॅम कोसळे. २०११ नंतरच्या वीकमध्ये एवढी सुधारणा आहे की, वस्तू गेली की ते टोक आपोआप रिकामे होते. हाक मारली तर कोणी ओ देत नाही, पण निदान परका माणूस तरी बोलत नाही. आईच्या डायरीत अशी सुधारणा कोण करणार? तिने चष्मा लावला, पेन्सिलीला टोक काढले, आणि डायरीतली ती ओळ खोडली. मग अंक पुढे ओढून काकूंचे नाव खोडले. अंक डावीकडे ठेवला. संध्याकाळी रद्दीवाला आला तेव्हा तो त्याच्या तागडीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आता आई पुण्याला माझ्याकडे असते. गेली दहा वर्षे माझ्या माहेराची दिवाळी माझ्याच घरी होते, हे सांगताना लोकांना विचित्र वाटते. आम्हाला वाटत नाही. वाईला आम्ही मध्ये एकदा गेलो, घाटावर बसलो, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि आळीत न शिरताच परत आलो. आईच म्हणाली, "कशाला? राहताहेत ना ते."

दिवाळी अंक मात्र तिने सोडले नाहीत. आता आम्ही दोनच घेतो. अंक आला की ती बाबांसारखीच आतल्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहिते : खालच्या मजल्यावरच्या वहिनी, ती स्वतः, आणि शेवटी मी. वहिनी झपाट्याने वाचतात. आईला आता भिंग लागते, तरी तिचे देवदिवाळीपर्यंत होते. राहते ते माझे. गेल्या वर्षीचे दोन्ही अंक अजून माझ्या उशाशी आहेत, आणि परवा झाडलोट काढली तेव्हा ती केरसुणी टेकून दारात उभी राहिली.

"तुझं झालं का वाचून? खोडू नाव?"

"राहू दे," मी म्हटले, "एक कथा राहिलीय."

"मागच्या वर्षीपण एकच राहिली होती," असे म्हणून ती पलंगाखालून झाडू लागली.